वाईन, मद्यार्कमुक्त

द्राक्षरसाचे किण्वन (आंबवण) पूर्ण होऊन वाईन तयार झाल्यावर तिच्यातील मद्यार्क (एथिल अल्कोहॉल) काढून घेतला की उरणारे पेय. व्याख्येतील ‘झाल्यावर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कधीच न आंबवलेला द्राक्षरस वाईनच्या बाटलीत भरून ‘मद्यार्कमुक्त’ म्हणून विकला जातो. त्यात मद्यार्क नसतो हे खरे, पण ती वाईनही नसते. आयुर्वेदातील द्राक्षासव याच्या उलट आहे. त्यात किण्वनातून आपोआप तयार झालेला मद्यार्क साधारणतः ५ ते १० टक्के असतो. औषध म्हणून घेतात म्हणून त्याला मद्यार्कमुक्त समजणे चूक आहे.

उगम : या पेयाचे जनकत्व अनेकदा अमेरिकन दंतवैद्य टॉमस ब्रॅमवेल वेल्च यांना दिले जाते. १८६९ मध्ये न्यू जर्सीतील व्हाइनलँड येथे त्यांनी ख्रिस्ती प्रभुभोजनाच्या विधीसाठी द्राक्षरस पाश्चरीकरणाच्या तत्त्वाने तापवून आंबण्यापासून रोखला. मात्र ही किण्वन टाळण्याची रीत झाली, मद्यार्क काढण्याची नव्हे. ती जुनीही आहे : इ. स. पू. दुसऱ्या शतकातील रोमन लेखक कॅटो याने ताज्या रसाचा कुंभ डांबराने बंद करून ३० दिवस तळ्यात बुडवून ठेवण्याची कृती दिली आहे. तसा रस वर्षभर गोड राहतो असे तो म्हणतो. तयार वाईनमधून कमी तापमानात मद्यार्क काढण्याचे श्रेय सामान्यतः जर्मनीतील र्‍यूडेसहाइम येथील वाईन-उत्पादक कार्ल युंग यांना देतात (याच नावाचे स्विस मानसशास्त्रज्ञ वेगळे). त्यांच्या निर्वात ऊर्ध्वपातनाच्या (दाब कमी करून द्रवातील घटक वाफेने वेगळा करण्याच्या) पेटंटचे साल काही ठिकाणी १९०७, तर काही ठिकाणी १९०८ आढळते. अर्ज आणि मंजुरी यांतील अंतरामुळे हा फरक पडला असावा. वाईन उघड्या भांड्यात उकळून मद्यार्क घालवणे त्याआधीही माहीत होते, पण त्यात चव उरत नसे. म्हणून आजच्या अर्थाने आरंभ युंग यांच्यापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

पद्धती : शुद्ध मद्यार्क नेहमीच्या वातावरणीय दाबाला सुमारे ७८° से.ला उकळतो; दाब एक-दशांशावर आणला की ३०° से.च्या आसपास. नागपुरात मे महिन्यात माठातले पाणीही जवळपास एवढे असते. निर्वात ऊर्ध्वपातन या तत्त्वावर चालते आणि त्यात वाईन ‘शिजत’ नाही. अडचण वासाची असते. केळ्यासारखा वास देणारे आयसोअमिल अ‍ॅसिटेट यांसारखी एस्टरे (सुवासिक संयुगे) मद्यार्काच्याही आधी उडून जातात.

ही अडचण फिरत्या शंकूंच्या स्तंभात बरीचशी सुटते. उभ्या पोलादी नळकांड्यात एक स्थिर व एक फिरता असे शंकू एकाआड एक बसवलेले असतात. वरून सोडलेली वाईन फिरत्या शंकूवर पातळ थर होऊन पसरते, खालच्या स्थिर शंकूवरून ओघळते आणि पुन्हा पुढच्या फिरत्या शंकूवर पडते. खालून वर येणारी वाफ उडणारी द्रव्ये घेऊन जाते. पहिल्या फेरीत सुमारे २८° से.ला फक्त सुवास वेगळा करून थंड करून ठेवतात. दुसऱ्या फेरीत सुमारे ३८° से.ला मद्यार्क काढतात. शेवटी सुवास परत मिसळतात. पहिली फेरी घाईने उरकली की सुवासाचा भाग दुसऱ्या फेरीत मद्यार्काबरोबर निघून जातो आणि हातात आंबट, रंगीत पाणी उरते.

तिसरी पद्धत व्यस्त तर्षणाची, म्हणजे घरोघरी पाण्यासाठी असलेल्या आर.ओ.चीच. येथे दाब कितीतरी जास्त असतो, आणि पाणी व मद्यार्क दोन्ही पटलापार (गाळणाऱ्या पातळ पडद्यापार) जातात. रंग, टॅनिन (द्राक्षाच्या सालीबियांतील तुरट द्रव्य) आणि बरीचशी आम्ले अलीकडे राहतात. पार गेलेल्या द्रवातून मद्यार्क ऊर्ध्वपातनाने काढून पाणी परत करतात. एका फेरीत मद्यार्क थोडाच उतरत असल्याने ०.५ टक्क्यापर्यंत यायला अनेक फेऱ्या लागतात.

घरी पातेल्यात उकळून हे साधत नाही. १२ टक्क्यांची वाईन सुमारे ९१–९२° से.ला उकळू लागते आणि पाणी व मद्यार्क एकत्रच वाफ होतात. अमेरिकेच्या कृषिखात्याच्या तक्त्यानुसार पदार्थात घातलेल्या मद्यार्कापैकी १५ मिनिटे शिजवल्यावर ४० टक्के, तर तासाभराने २५ टक्के उरतो.

दोष : १३ टक्क्यांच्या १०० लिटर वाईनमधून मद्यार्क व त्याच्यासोबतचे थोडे पाणी गेले की, समजा, ८३ लिटर उरतात. लिटरला ६ ग्रॅम असलेले आम्ल मग ७.२ ग्रॅम होते. मद्यार्काची ऊब, दाटपणा आणि किंचित गोडी गेलेली असल्याने हे आम्ल आणि टॅनिन जिभेला अधिकच टोचतात. भरपाई म्हणून द्राक्षरसाचा अर्क किंवा साखर घालतात, काही वेळा कार्बन डाय-ऑक्साइडही. मधुमेहींनी लेबलावरची साखर आधी पाहावी. १५० मिली.च्या पेल्यात लिटरला ४० ग्रॅम हिशेबाने ६ ग्रॅम साखर येते, म्हणजे २४ कॅलरी, १२.५ टक्क्यांच्या वाईनच्या तेवढ्याच पेल्यात नुसत्या मद्यार्काच्या शंभरावर असतात.

दुसरा दोष टिकाऊपणाचा. मद्यार्काचे संरक्षण गेल्यावर उरलेल्या साखरेवर यीस्ट सहज वाढते. म्हणून सूक्ष्म गाळण किंवा पाश्चरीकरण आवश्यक ठरते. उघडलेली बाटली फ्रिजमध्येही दोन-तीन दिवसांतच संपवावी. नागपुरात पारा ४५° से.च्या वर जातो तेव्हा कूलरच्या खोलीत ठेवलेली न उघडलेली बाटलीही तपकिरी पडते आणि तिला मोरावळ्यासारखा शिजका वास येतो.

प्रमाण व कायदा : यूरोपीय संघात २०२१ च्या नियमानुसार ‘निर्मद्यार्कित’ वाईनमध्ये ०.५ टक्क्यापर्यंत मद्यार्क चालतो. ब्रिटनच्या मार्गदर्शक नियमांत ‘मद्यार्कमुक्त’ या शब्दाला ०.०५ टक्क्याची मर्यादा आहे. भारतात २०१८ च्या अन्नसुरक्षा विनियमांनी ०.५ टक्क्यावरील पेयच मद्यपेय ठरते. महाराष्ट्राच्या १९४९ च्या मद्यनिषेध अधिनियमातील ‘मद्य’ या शब्दाची व्याख्या मात्र मद्यार्क असलेल्या सर्व द्रवांना कवेत घेणारी आहे. नागपूरहून मद्यबंदीच्या वर्धा जिल्ह्यात जाताना ‘०.०’ लिहिलेलीच बाटली जवळ असणे शहाणपणाचे. ०.५ टक्क्याच्या १५० मिली. पेल्यात सुमारे ०.६ ग्रॅम मद्यार्क असतो. तो झिंग आणत नाही. तरीही गरोदर स्त्रिया, डायसल्फिराम (दारू सोडवण्यासाठीचे औषध) घेणारे आणि व्यसनातून बाहेर पडणारे यांनी तोही टाळावा. व्यसनमुक्तांच्या बाबतीत वास आणि पेला हेच पुरेसे निमित्त ठरू शकते.

धार्मिक वापर : कॅथलिक विधीत मद्यार्क न घेऊ शकणाऱ्या धर्मगुरूंना परवानगीने ‘मुस्टुम’ (ताजा किंवा किण्वन रोखून ठेवलेला द्राक्षरस) चालतो, अनेक प्रोटेस्टंट चर्चमध्ये साधा द्राक्षरस वापरतात. नागपुरात डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या १४ ऑक्टोबर १९५६ च्या बौद्ध धम्मदीक्षेतील प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती पाळणाऱ्या घरी ०.५ टक्का चालेल का, हे पाहुण्याने ठरवू नये. तेथे न आंबवलेला द्राक्षरसच न्यावा.

सेवन : पांढरी ८–१०°, तांबडी १२–१४° से.ला द्यावी, गारव्यामुळे, वरून घातलेली साखर कमी जाणवते. तिखटाची आग मद्यार्काने वाढते, त्यामुळे सावजी रश्श्याबरोबर किंचित गोड, मद्यार्कमुक्त पांढरी वाईन नेहमीच्या वाईनपेक्षा सरस ठरते. तांबडीतील टॅनिन मात्र त्या मसाल्यापुढे कडवट लागते.

‘ऑरेंज वाईन’ : नागपुरात या नावाचा अर्थ हमखास संत्र्याशी जोडला जातो. प्रत्यक्षात ती पांढरी द्राक्षे सालींसकट आंबवून केलेली, मद्यार्क असलेली वाईन असते.