क्रियासूचन (इंटरफेस डिझाइन)

यंत्रावर किंवा स्क्रीनवर काय करता येते, कुठे करता येते आणि केल्यावर काय होईल, हे वापरणाऱ्याला कोणाला न विचारता कळावे म्हणून केलेली खुणांची योजना म्हणजे क्रियासूचन. उठावदार बटण, लिंकखालची रेघ, लिहिण्याच्या चौकटीत लुकलुकणारा कर्सर ही तिची रोजची रूपे.

हा विचार मानसशास्त्रातून आला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी १९७७ चा लेख व १९७९ चा ग्रंथ यांत ‘अफोर्डन्स’ म्हणजे परिसराने प्राण्याला दिलेली कृतीची मुभा, ही संकल्पना विस्ताराने मांडली. तीच पायरी मोठ्या माणसाला चढता येते, रांगत्या बाळाला येत नाही. म्हणजे मुभा वस्तू आणि देह यांच्या नात्यात असते, आणि ती कोणाच्या लक्षात येवो न येवो, असतेच. डिझाइनचे अभ्यासक डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ सालच्या पुस्तकातून ही कल्पना डिझाइनच्या क्षेत्रात आणली. तिथे ती इतकी सैलपणे वापरली गेली की मुभा आणि मुभेची खूण यांतला फरकच पुसला गेला. टचस्क्रीनवर कुठेही बोट टेकवता येते. पण कुठे टेकवले तर काही घडेल, हे खुणेनेच कळते. नॉर्मन यांनी त्या पुस्तकाच्या २०१३ च्या सुधारित आवृत्तीत या खुणेला ‘सिग्निफायर’ म्हणून स्वतंत्र स्थान दिले.

इंटरफेसचे संशोधक विल्यम गेव्हर यांनी १९९१ मध्ये केलेली विभागणी प्रत्यक्ष कामात जास्त उपयोगी पडते. मुभा आहे पण खूण नाही, ती लपलेली. खूण आहे पण मुभा नाही, ती फसवी. यादीतली ओळ डावीकडे सरकवल्यावर उघडणारे पर्याय पहिल्या प्रकारातले. अधोरेखित असूनही लिंक नसलेला मजकूर दुसऱ्या प्रकारातला.

भारतीय इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्राचे बॅलट युनिट, म्हणजे मतदार ज्यावर बटण दाबतो तो भाग, हे क्रियासूचनाचे फार विचारपूर्वक केलेले उदाहरण आहे. १९८२ मध्ये केरळमधील परूर येथे अशा यंत्राचा पहिल्यांदा वापर झाला. एका युनिटवर १६ उमेदवारांची सोय असते. प्रत्येक ओळीत नाव, चिन्ह आणि एक निळे बटण. निवडणूक चिन्हामुळे अक्षरओळख नसलेल्या मतदारालाही आपली ओळ सापडते. नको असलेली बटणे झाकलेली असतात, त्यामुळे दाबता येण्याजोगे जे दिसते ते सगळे खरे असते. मतदान अधिकाऱ्याने आपल्याजवळच्या कंट्रोल युनिटवरून परवानगी दिली की हिरवा दिवा लागतो. बटण दाबले की त्याच ओळीत लाल दिवा पेटतो, व्हीव्हीपॅट या मताची चिठ्ठी छापणाऱ्या जोडयंत्राच्या काचेमागे चिठ्ठी ७ सेकंद दिसते आणि बीप ऐकू येतो. त्यानंतर पुन्हा बटण दाबून काही होत नाही. कधी दाबायचे, काय दाबायचे आणि दाबले गेले का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे जिथे प्रश्न पडतो तिथेच मिळतात.

संगणकाच्या पडद्यावर खऱ्या बटणासारखा उठाव चित्रानेच आणावा लागतो. १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये त्या क्षणी न चालणाऱ्या आज्ञा मेनूतून काढून न टाकता फिक्या दाखवल्या जात. आज्ञा आहे, आत्ता उपलब्ध नाही, हे एका नजरेत कळे. विंडोज ३.० (१९९०) मधील बटणांना वरून उजेड आणि खालून सावली होती. २००७ च्या आयफोनवर कुलूप उघडण्याच्या पट्टीतील अक्षरांवरून डावीकडून उजवीकडे सरकणारी चमक बोटाला दिशा दाखवी. पुढे उजेड-सावलीचा उठाव टाळणारी सपाट शैली आली. आयफोनच्या आयओएस ७ (२०१३) या प्रणालीत बऱ्याच बटणांच्या चौकटी गेल्या आणि नुसती रंगीत अक्षरे उरली. बटणांना आकार दाखवण्याचा पर्याय ७.१ आवृत्तीत सुलभतेच्या सेटिंगमध्ये द्यावा लागला. पडदा स्वच्छ दिसला खरा, पण त्याची किंमत वापरणाऱ्याने चाचपडून मोजली.

बटणावरचे शब्दही सूचनच करतात. ‘तिकीट रद्द करायचे आहे का?’ या प्रश्नाखाली ‘ठीक आहे’ आणि ‘रद्द करा’ अशी बटणे असली, तर दुसऱ्या बटणाने तिकीट रद्द होणार की रद्द करण्याचा विचार, हे कळत नाही. ‘तिकीट रद्द करा’ आणि ‘तिकीट राहू द्या’ असे लिहिले की प्रश्न न वाचताही निवड करता येते. पैसे आणि कागदपत्रांच्या व्यवहारात ही काळजी टाळणे अक्षम्य आहे.

वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांनुसार केवळ रंगाच्या आधारे माहिती देऊ नये, कारण लाल-हिरवा भेद न दिसणाऱ्यांना ती पोहोचत नाही. अंध व्यक्ती पडद्यावरचे वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरतात, तेव्हा बटण कोडमध्येही बटण म्हणून नोंदवलेले असावे लागते. तसे नसेल तर तो फक्त त्यावरचा मजकूर वाचतो आणि तिथे काही दाबता येते हे सांगतच नाही. बॅलट युनिटवर हेच काम निळ्या बटणांशेजारचे ब्रेल आकडे करतात.