वाघ म्हणजे नक्की कोण? खानापूर-बेळगावकडची पोरं पुस्तकांपर्यंत कशी आली

आमच्या भागात हल्ली एक गोष्ट सारखी दिसायला लागलीय. साप मारू नका, वणवा लावू नका, गवा दिसला की मोबाईल घेऊन मागं पळू नका असं गावात सांगत फिरणारी आठवी-नववीची जी पोरं आहेत ना, तीच शनिवारी दुपारी खालच्या वर्गातली मुलं गोळा करतात आणि पुस्तक वाचायला बसवतात. कुठं देवळाच्या कट्ट्यावर, कुठं शाळेच्या व्हरांड्यात. मोठं कुणी सोबत असतंच असं नाही. बाहेरून आलेल्याला वाटतं जंगल आणि वाचन ही दोन वेगळी कामं, पोरांनी एकत्र कशी काय केली. ती कशी एकत्र आली तेवढं इथं सांगतो, मला माहीत आहे तेवढं. त्यातलं बरंचसं २०११ नंतरचं आहे कारण तो काळ मी शाळेत शिकवत असताना डोळ्यानं बघितलाय.

वाचनाची बाजू जुनी आहे. बेळगावात सार्वजनिक वाचनालय १८४८ सालापासून आहे, साहित्य संमेलनं १९२९, १९४६ आणि २००० ला झाली, त्यातल्या ४६ च्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला ते इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ५६ ला हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेला ते पण. त्यानंतर कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी, सांबरा अशा गावांनी आपापली संमेलनं सुरू केली, ग्रंथदिंडी निघते, पोरं लेझीम घेऊन पुढं असतात. ह्या सगळ्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण एक खंत आहे ती सांगतोच, ह्या सगळ्या वाचनात भाषा टिकवायची हा विचार इतका मोठा होता की लहान मुलाला काय वाचायला आवडेल ह्याकडं कुणाचं फारसं लक्षच गेलं नाही. दिंडीत पोरं असायची आणि दिंडी संपली की पुस्तकं परत मोठ्यांच्या कपाटात.

जंगलाची बाजू नवीन म्हणायची. १९७२ चा वन्यजीव कायदा झाला तरी गावात तो शिकारीची केस झाल्यावरच कळायचा. सुप्रीम कोर्टानं १९९१ साली शाळेत पर्यावरण शिकवलंच पाहिजे असं सांगितलं, मग पुस्तकात धडे आले, पुढं इको क्लब आले, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह म्हणून चित्रकला आणि घोषणा. सप्ताह संपला की विषय संपला. वनखात्याचं मुलांना जंगलात घेऊन जायचं चिन्नर वन दर्शन आलं ते चांगलं झालं, पण आमच्या कणकुंबी-जांबोटीकडच्या मुलांना जंगल दाखवायला न्यायचं म्हणजे काय, ती रोज त्याच जंगलातनं शाळेला येतात.

डिसेंबर २०११ मध्ये आमच्या खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य जाहीर झालं, जवळपास १९० चौरस किलोमीटर. तेव्हापासून गोष्ट बदलली. जी झाडं आणि जनावरं घरातली होती ती एकदम सरकारी झाली, गेट आलं, बोर्ड आले, नियम आले, आणि बोर्ड अर्थातच कन्नडमध्ये आणि इंग्लिशमध्ये. पोरांना पहिल्यांदा कळलं की बारापेडे गुहेतल्या ज्या वटवाघळांच्या वासानं आपण नाक धरून पळायचो ती जगात फार थोड्या ठिकाणी सापडतात, शास्त्राला ती पहिल्यांदा कळली तीच ह्या गुहेवरून, १९१३ साली त्यांचं वर्णन छापून आलं आणि पुढची कितीतरी वर्षं हीच एक जागा माहीत होती, नंतर मेघालयात आणि कंबोडियात पण सापडली. हे कळलं कुठून? वाचून. आजोबांना वटवाघळं माहीत होती, १९१३ माहीत नव्हतं. मला वाटतं पोरांच्या डोक्यात जंगल आणि पुस्तक पहिल्यांदा एकत्र आलं ते असं कशातनंतरी.

२०१९ ला ग्रामपंचायतीतली वाचनालयं ग्रंथालय खात्याकडून पंचायतराज खात्याकडं गेली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये ओदुव बेळकु सुरू झालं, म्हणजे वाचनाचा उजेड. शाळा कोरोनात बंद होत्या, ६ ते १८ वयाच्या मुलांना मेंबरशिप फुकट. योजना खरोखर चांगली, त्यात दुमत नाही, पण मी खानापूर तालुक्यात जी चार-पाच वाचनालयं बघितली तिथं मराठी पुस्तकं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी, आणि त्यात लहान मुलांची तर एखाददुसरी. मराठी शाळेतलं चौथीचं पोर कन्नड शिकतंय, अक्षर लावून वाचतं पण गोष्टीत रमण्याइतकं वाचता येत नाही. मोठी पोरं दोन्ही वाचतात. मग मोठ्यानं कन्नड पुस्तक घेऊन बसायचं, वाचता वाचता मराठीत सांगायचं, लहान्यांनी चित्रं बघायची. जनावरांची पुस्तकं ह्याला सगळ्यात सोपी कारण चित्र बघितलं की अर्धं काम झालं. इथंच तो नावांचा गोंधळ सुरू झाला ज्यावर मला जरा जास्त लिहायचंय.

गोंधळ वाघ ह्या शब्दाचा आहे.

आमच्याकडं जुनी माणसं वाघ म्हणतात तेव्हा त्यात पट्टेवाला पण येतो आणि ठिपकेवाला पण. वेगळं सांगायचं असेल तर ढाण्या वाघ आणि बिबट्या वाघ. दोन्ही वाघच. वाघोबाला नारळ ठेवताना कुणी विचारत नाही पट्टे की ठिपके. पाठ्यपुस्तकात मात्र वाघ म्हणजे फक्त पट्टेवाला, आणि बिबट्या हा वेगळा प्राणी. कन्नडमध्ये पट्टेवाला हुली आणि ठिपकेवाला चिरते. आता चिरते हा शब्द मराठी कानाला कसा लागतो बघा, चित्ता. आमच्या शाळेतल्या निम्म्या मुलांनी बोर्डावरचं चिरते वाचून भीमगडात चित्ते आहेत असं घरी जाऊन सांगितलं होतं आणि घरच्यांनी ते खरं पण मानलं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं पण २०२२ आलं. ऑगस्टच्या सुरुवातीला बेळगाव शहरात जाधवनगरात बिबट्या दिसला, एक कामगार जखमी झाला, मग तो गोल्फ कोर्सच्या झाडीत शिरला आणि त्या परिसरातल्या बावीसेक शाळा बंद ठेवाव्या लागल्या, ते पण एकदोन दिवस नाही तर आठवडे. शिमोग्याजवळच्या सक्रेबैलूच्या कॅम्पमधनं हत्ती आणले, कॅमेरे लावले, पिंजरे ठेवले, तो काही सापडला नाही. त्या महिन्यात मोबाईलवर जे फिरत होतं त्यात कुणी वाघ लिहायचं, कुणी बिबट्या, कुणी चिरते आणि कुणी सरळ चित्ता. एकाच जनावराचे चार झाले. खानापुरातले लोक बेळगावच्या पाहुण्यांना फोन करून विचारायचे की किती आहेत म्हणून. आणि हे पुरतं संपायच्या आतच १७ सप्टेंबरला नामिबियातनं आठ चित्ते मध्य प्रदेशात कुनोला आले, टीव्हीवर दिवसभर तेच, १९५२ ला देशातनं संपला म्हणून जाहीर केलेला चित्ता परत आला. मग तर विचारायलाच नको. सातवीच्या एका मुलीनं मला वर्गात विचारलं, सर, आपला गोल्फ कोर्सचा पळाला आणि तोच तिकडं नेऊन सोडला काय?

प्रश्न बावळट नव्हता, तिच्याकडं जेवढे शब्द होते त्यातनं तेच निघत होतं. ह्याचं उत्तर तिला तिच्या वरच्या वर्गातल्या पोरांनी दिलं, मी नाही. त्यांनी दोन पुस्तकं समोर ठेवली, एक कन्नड, एक मराठी, आणि बोट ठेवून दाखवलं, बिबट्याचा ठिपका म्हणजे फुलासारखं कडं असतंय, चित्त्याचा ठिपका भरीव, आणि चित्त्याच्या डोळ्यापासनं तोंडापर्यंत काळी रेघ असते, बिबट्याला ती नाही. त्यानंतर ती मुलगी पुस्तक मागायला रोज यायला लागली. माझ्या समजुतीप्रमाणं ह्या भागातलं हे जे मुलांनी मुलांना वाचायला लावायचं चाललंय त्याला जोर आला तो ह्या दोन महिन्यांत, कारण पहिल्यांदाच वाचलेलं पोर आणि न वाचलेलं पोर ह्यात फरक गावाला दिसला. वाचलेलं पोर घाबरलं नाही.

पण मग वाद पण तिथनंच निघाला. मोठी पोरं लहान्यांना सांगायला लागली की बिबट्याला वाघ म्हणायचं नाही, चूक आहे. लहान्यांनी घरी जाऊन आजीला दुरुस्त केलं. आजी चिडली. आणि माझं स्पष्ट मत आहे की आजीचं बरोबर होतं. तिचा वाघ हा शब्द पुस्तकापेक्षा जुना आहे आणि तो तिनं जंगलात राहून कमावलेला आहे. दुसरी बाजू पण खरी आहे, पंचनाम्यात चिरते लिहिलेलं असतं, शेतकरी माझी गाय वाघानं मारली म्हणून सांगतो, आणि दोघांना वाटतं समोरचा खोटं बोलतोय. शिवाय वाघ आला म्हटल्यावर माणूस जे करतो आणि बिबट्या आला म्हटल्यावर जे करतो त्यात फरक पडतो, जानेवारी २०२० मध्ये पलीकडं गोव्यात म्हादईच्या जंगलात एक वाघीण आणि तिची तीन पिल्लं विषानं मेली ते पोरांना माहीत आहे. म्हणून नेमका शब्द पाहिजे हा त्यांचा हट्ट मला कळतो. बऱ्याच भांडणानंतर आमच्या पोरांनी काय केलं तर वही केली. पानावर रकाने, घरातलं नाव, पुस्तकातलं मराठी नाव, कन्नड नाव. कुठलंच खोडायचं नाही. ही वहीच आता लहान्यांचं पहिलं वाचन झालीय.

त्या वहीतनं काय काय निघतं. गव्याला आम्ही गवरेडा पण म्हणतो, कन्नडमध्ये काडुकोण म्हणजे रानातला रेडा, म्हणजे दोन्ही भाषांनी त्याला म्हशीच्या घरात घातलं आणि तो खरा जवळचा आहे गाईबैलांना, इंग्लिशवाल्यांनी तर बायसन म्हणून युरोप-अमेरिकेतल्या जनावराचं नाव दिलं. कोळसुंद्याला पुस्तकात रानकुत्रा, कन्नडमध्ये सीळुनायी. आणि शेकरू! महाराष्ट्रातनं आलेल्या पुस्तकात लिहिलेलं असतं शेकरू आपला राज्यप्राणी, आणि शाळेच्या पुस्तकात आपला राज्यप्राणी हत्ती. पोरं विचारतात आपला म्हणजे कुणाचा. शेकरू पण आमच्या झाडावर आहे आणि हत्ती पण आमच्याच ऊसातनं २००२ च्या सुमारास महाराष्ट्रात दोडामार्गाकडं गेले, मी दोन्ही आपले म्हणून सांगतो.

ही कल्पना फक्त आमची आहे असं मी म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांनी लायब्ररीतली सहा पुस्तकं वाचायची असा उपक्रम १९९९ पासून चालतो, २०२१ ला त्याचा विषयच निसर्ग वाचवणारी मुलं असा होता. तिकडं लायब्ररीनं जंगल आणलं, आमच्याकडं जंगलातल्या पोरांनी लायब्ररी शोधली. मराठीत नावं गोळा करायचं काम आयुष्यभर करून गेलेले एक वनाधिकारी लेखक होते, मारुती चितमपल्ली, २००६ च्या सोलापूर संमेलनाचे अध्यक्ष, २०२५ च्या जूनमध्ये वारले, त्यांनी कावळ्यांच्या वस्तीला काकागार म्हटलं आणि तो शब्द रुळला. बातमी आली त्या दिवशी पोरांनी वहीत काकागार लिहिलं, घरातल्या नावाच्या रकान्यात काय लिहायचं ते सुचलं नाही म्हणून तिथं रेघ मारून ठेवली.

त्याच वर्षी मे महिन्यात तळेवाडीच्या २७ कुटुंबांना अभयारण्यातनं बाहेर पडण्यासाठीचे चेक मिळाले, ठरलेले प्रत्येकी १५ लाख, त्यातले पहिले १०. जावं की राहावं ह्यावर आतल्या बाकीच्या गावांत अजून एकमत नाही आणि मी त्यात पडत नाही. मात्र बारापेडेच्या शेजारचं गाव उठतंय म्हटल्यावर वहीवाल्या पोरांनी तिथल्या म्हाताऱ्यांकडनं नावं लिहून घ्यायची घाई सुरू केली ते मला बरं वाटलं.

नोव्हेंबरमध्ये बेळगावजवळच्या भुतरामनहट्टीच्या झूमध्ये काही दिवसांत जवळपास तीस काळवीट मेले. बातमीत रोगाचं नाव लांबलचक इंग्लिश, कुणाला उच्चारता येईना. पोरांनी शोधून मराठी नाव काढलं, घटसर्प. शब्दकोशात बघितलं तर लहान मुलांच्या घशाचा रोग म्हणून दिलेलं, मग काळविटाला कसा होईल म्हणून परत भांडण. शेवटी एकाच्या आजोबांनी सांगितलं, अरे म्हशीला होतो की तो, पावसाच्या आधी इंजेक्शन देत नाही काय आपण. वहीत आता घटसर्पापुढं दोन ओळी आहेत, माणसाचा आणि जनावराचा, आणि ह्या वेळी पुस्तकातलं नाव आणि घरातलं नाव एकच निघालं.