ट्रॅक कारचे शॉकअप आणि स्प्रिंग: ‘किती के’ हा प्रश्न आला कुठून

गोव्यात रेस ट्रॅक नाही, पण ट्रॅकवर जाणाऱ्या गाड्या आहेत, म्हापशात आहेत, फोंड्यात आहेत, मडगावात आहेत. वर्षातून एकदोनदा कोइमतूरच्या करी स्पीडवेला नाहीतर चेन्नईजवळच्या ट्रॅकला जायचं, ट्रेलरवर गाडी नेणारे थोडेच, बाकीचे तीच गाडी हायवेने चालवत नेतात, ट्रॅकवर पळवतात आणि तीच चालवत घरी आणतात. अशा गाडीला शॉकअप आणि स्प्रिंग निवडायची वेळ आली की पहिला प्रश्न ठरलेला, पुढे किती के टाकू आणि मागे किती के (के म्हणजे स्प्रिंग किती कडक त्याचा आकडा)? सगळी चर्चा या एका आकड्यावर का येऊन अडकते ते कळायला थोडं मागे जावं लागतं, कारण मोटारींच्या इतिहासात बराच काळ खरी अडचण स्प्रिंगची नव्हतीच, शॉकअपची होती.

सुरुवातीचं पटकन सांगतो. घोडागाडीचे कमान पाटे मोटारीखाली आले आणि कित्येक वर्षं तिथेच राहिले. पाटे एकमेकांवर घासतात त्यामुळे थोडंफार डॅम्पिंग (उसळी शांत करणं) आपोआप व्हायचं, डिचोली-सांखळीकडे खाणीच्या ट्रकांचे पाटे ज्यांनी खोलून बसवलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चकत्या घासणारे डॅम्पर, म्हणजे त्या काळचे शॉकअप, आले, बोल्ट आवळला की कडक, सैल केला की मऊ. त्यांचा मोठा दोष म्हणजे हालचाल सुरू होताना ते सगळ्यात जास्त धरून ठेवतात आणि चाक जोरात उडालं तरी त्यांचा जोर वाढत नाही, म्हणजे पाहिजे त्याच्या नेमकं उलट. अशा डॅम्परवर मऊ स्प्रिंग सांभाळणं शक्यच नव्हतं, म्हणून त्या काळच्या रेस गाड्यांच्या स्प्रिंग दगडासारख्या असायच्या आणि चासीच (गाडीचा सांगाडा) वाकून सस्पेन्शनचं काम करायची. हे उलटं झालं १९३० च्या दशकात. तेलाचे डॅम्पर सुधारले, पुढची चाकं स्वतंत्र झाली, आणि १९३७ च्या जर्मन ग्रां प्री गाडीत तर फ्रेम कडक आणि स्प्रिंग मऊ, लांब ट्रॅव्हलची (चाकाला वरखाली जायला जास्त जागा देणारी), असं पूर्ण उलटं गणित दिसलं. गाडी वेगवान होती, हे लक्षात ठेवा, कारण पुढे लोक हेच विसरले.

त्याच दशकात अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांवर प्रयोग झाले आणि त्यातून एक नियम आला की मागच्या स्प्रिंगची फ्रिक्वेन्सी (गाडी स्प्रिंगवर सेकंदाला किती वेळा वरखाली होते, हर्ट्झमध्ये) पुढच्यापेक्षा थोडी जास्त ठेवा, म्हणजे खड्डा आधी पुढच्या चाकाला लागला तरी मागचा भाग ते अंतर भरून काढतो आणि गाडी नाक वरखाली करत राहत नाही. हा नियम आरामासाठी होता, रेससाठी नव्हता, पण ‘मागे जास्त कडक’ एवढाच अर्धा भाग सगळीकडे फिरत राहिला. पुढे फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्या ट्रॅकवर आल्या तेव्हा मागे कडक करायचं कारण वेगळंच होतं, पुढचे टायर आधीच ओढणं, वळणं, ब्रेक सगळं करतात म्हणून मागे रोल (वळणात गाडीचं झुकणं) अडवून पुढची पकड वाचवायची. एकच सल्ला, दोन अगदी वेगळी कारणं, आणि आजही लोक ती एकमेकांत मिसळतात.

१९५० च्या दशकात मोनोट्यूब गॅस शॉकअप आला, एका नळीत तेल आणि तरंगत्या पिस्टनमागे दाबाचा नायट्रोजन, त्यामुळे तेलाला फेस येत नाही आणि उष्णता सरळ बाहेरच्या नळीतून जाते. ट्रॅकवर सलग लॅप मारताना स्टॉक (कंपनीचा) ट्विन ट्यूब, म्हणजे दोन नळ्यांचा, शॉकअप मध्येच ‘संपल्यासारखा’ का वाटतो त्याचं उत्तर इथे आहे. १९६० च्या दशकातल्या हलक्या ब्रिटिश रेस गाड्या मऊ स्प्रिंग आणि नीट बांधलेले डॅम्पर घेऊन जिंकत होत्या. तोपर्यंत दिशा एकच होती, डॅम्पर जितका चांगला तितकी स्प्रिंग मऊ ठेवता येते.

मग १९७७ पासून फॉर्म्युला वनमध्ये ग्राउंड इफेक्ट आला आणि सगळं फिरलं. गाडीचा तळच जमिनीकडे ओढला जायचा, तळ आणि रस्त्यामधलं अंतर थोडं जरी बदललं तरी डाउनफोर्स (हवेने गाडी खाली दाबणारा जोर) पळून जायचा, म्हणून स्प्रिंग इतक्या कडक केल्या की सस्पेन्शन नावालाच उरलं आणि ड्रायव्हरांच्या पाठी मोडायची वेळ आली. १९८१ ला ६ सेंटीमीटर अंतराचा नियम आला, टीमनी गाडी ट्रॅकवर खाली बसवायच्या युक्त्या काढल्या, शेवटी १९८३ ला सपाट तळ सक्तीचा झाला. त्या काळातल्या फोटोंमधली, जमिनीला चिकटलेली, जराही न झुकणारी गाडी म्हणजे ‘खरी रेस कार’ ही समजूत मात्र कायमची बसली. ज्या गाडीला डाउनफोर्सच नाही तिला त्या कडकपणाचं काहीएक काम नाही, आणि आपल्या स्विफ्ट-पोलोला डाउनफोर्स नाही.

आता मुख्य गुंता. के म्हणजे किलो प्रति मिलीमीटर, १ के म्हणजे ९.८१ न्यूटन प्रति मिलीमीटर किंवा साधारण ५६ पाउंड प्रति इंच. ही लिहायची पद्धत जपानी कॉइलओव्हरमुळे (शॉकअपवरच बसवलेली, उंची बदलता येणारी स्प्रिंग) रुळली. १९९० च्या दशकात जपानमध्ये रस्त्यावरच्या गाड्यांना थ्रेडवाले कॉइलओव्हर लावून ट्रॅकवर न्यायचं मोठं वेड आलं, तिथल्या किटवर ८ के, १० के असे आकडे छापलेले असायचे, आणि २००० नंतर ते किट आणि ते आकडे दोन्ही आपल्याकडे आले. आकडे आले, पण ते कुठल्या गाडीचे होते ते सोबत आलं नाही. त्या काळात हे आकडे ज्यांच्यामुळे प्रसिद्ध झाले त्यातली मोठी नावं डबल विशबोनची (एक वर, एक खाली अशा दोन आर्मवर चाक धरणारं सस्पेन्शन) होती, १९८८ ते २००० मधल्या सिव्हिकला पुढेमागे डबल विशबोन होतं. विशबोनवर स्प्रिंग चाकापासून आत बसते. चाक १० मिमी वर गेलं तर स्प्रिंग समजा ७ मिमीच दबते, आणि हा फरक गणितात वर्गाने येतो, म्हणजे स्प्रिंगचा रेट (कडकपणा) चाकापाशी पोचेपर्यंत निम्मा होतो. आपल्या बहुतेक गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअपच चाकाला वरून धरतो असा प्रकार) आहे, तिथे चाक १० मिमी गेलं की स्प्रिंग ९.५ मिमी दबते, म्हणजे जवळजवळ सगळा रेट चाकाला मिळतो.

हे आकड्यात बघा, कारण आकड्याशिवाय हे पटत नाही. समजा पुढच्या एका कोपऱ्यावर चाक-ब्रेकचं वजन सोडून २५० किलो येतात. ८ के म्हणजे ७८.५ न्यूटन प्रति मिमी. विशबोनवर चाकापाशी उरतात साधारण ३८.५, फ्रिक्वेन्सी येते २ हर्ट्झच्या आसपास. तीच ८ के स्ट्रटवर टाकली तर चाकापाशी जवळपास ७१ मिळतात आणि फ्रिक्वेन्सी जाते २.७ हर्ट्झवर. स्प्रिंग एकच, आकडा एकच, आणि एक गाडी ट्रॅकला योग्य तर दुसरी थेट डाउनफोर्सवाल्या गाड्यांच्या जवळ. मागे टॉर्शन बीमवर (मागची दोन्ही चाकं जोडणारा, पिळला जाणारा आडवा बीम) परत वेगळा प्रकार, तिथे स्प्रिंग बहुतेकदा अॅक्सलच्या पुढे बसते, मागचा कोपरा हलका, समजा १५० किलो. ७० टक्क्यांचा रेशो धरला तर ६ के टाकूनही फ्रिक्वेन्सी येते २.२ च्या आसपास. म्हणजे ‘पुढे ८ मागे ६’ हा जो सेट लोक एकमेकांना सांगतात त्यात पुढचं मागच्यापेक्षा खूपच कडक निघतं, आणि मग तेच लोक म्हणतात गाडी वळतच नाही, मागे अजून जाड अँटी रोल बार (झुकणं अडवणारी सळई) टाकूया. अशा गाडीला पुढे साधारण ४.५ के आणि मागे ६ के हे बरोबर गणित आहे, पुढे २, मागे २.२ हर्ट्झ. कागदावर उलटं दिसतं म्हणून कोणी विश्वास ठेवत नाही.

डाउनफोर्स नसलेल्या रेस सेडानला दीड ते दोन हर्ट्झ हा जुना, सर्वमान्य पट्टा आहे, चांगले सेमी स्लिक (ट्रॅकसाठीचे, कमी नक्षीचे) टायर असले तर थोडं वर. घरगुती गाडी १ ते १.५ मध्ये असते. तीनच्या वर जायचं ते डाउनफोर्ससाठी. के विचारण्यापेक्षा हर्ट्झ विचारला तर निम्मे वाद तिथेच मिटतात.

यात अजून एक गैरसमज कॉइलओव्हरनेच आणला. कॉलर फिरवून स्प्रिंग दाबली की ती कडक झाली असं वाटतं, पण साध्या लिनिअर स्प्रिंगचा रेट प्रीलोडने बदलत नाही, गाडी वर येते एवढंच. आणि गाडी खाली बसवायचीही किंमत आहे, स्ट्रटच्या गाडीत लोअर आर्म उताराला लागला की रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी झुकते तो) गाडीपेक्षा जास्त वेगाने खाली जातो, त्यामुळे गाडी खाली करूनही ती जास्त झुकायला बघते आणि ते भरून काढायला परत कडक स्प्रिंग लागते. त्यात ट्रॅव्हल संपून स्ट्रट बंप स्टॉपवर (शेवटी अडवणाऱ्या रबरावर) बसला तर मग के कितीही असू दे, वळणात तुम्ही रबरावर चाललाय.

शॉकअपची बाजू या सगळ्यात मागे राहिली, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. वरचाच २५० किलोचा कोपरा घ्या. स्टॉक गाडीत १.२ हर्ट्झला डॅम्पिंग रेशो (स्प्रिंग आणि वजनाच्या मानाने शॉकअपचा जोर किती ते) साधारण ०.२५ ते ०.३ असतो. तेच शॉकअप ठेवून फक्त स्प्रिंग २ हर्ट्झची केली तर रेशो उतरतो ०.१६ पर्यंत, म्हणजे गाडी कडक झाली आणि डॅम्पिंगने आधीपेक्षा ढिली झाली. ट्रॅकला लागतो ०.६५ च्या आसपास, म्हणजे शॉकअपचा जोर स्टॉकच्या जवळपास चौपट हवा. नुसत्या लोअरिंग स्प्रिंग टाकून आलेली गाडी कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर) उडत का राहते ते यावरून कळतं. स्प्रिंग प्रमाणाबाहेर कडक केली की उरलेली हालचाल टायर करतो, आणि टायरला शॉकअप नसतो.

स्वस्त किटमध्ये एकच नॉब असतो आणि तो बहुतेकदा रिबाउंड (शॉकअप उघडतानाचा जोर) जास्त, बंप (दबतानाचा) थोडा असं दोन्ही एकदम बदलतो, किती बदलतो ते दोन शॉकअपमध्येही सारखं नसतं. शॉक डायनोवर (शॉकअपचा जोर मोजायच्या मशीनवर) आलेख काढल्याशिवाय ‘१२ क्लिक’ला काही अर्थ नाही. स्टिअरिंग आणि ब्रेकने होणारी हालचाल पिस्टनच्या कमी वेगात होते, खड्डा आणि कर्ब जास्त वेगात, म्हणून कमी वेगात धरून ठेवणारा आणि जास्त वेगात सोडून देणारा व्हॉल्व्ह हवा, आणि गेल्या २०-२५ वर्षांतली खरी प्रगती याच व्हॉल्व्हमध्ये झाली. वरच्या पातळीच्या रेसिंगमध्ये, म्हणजे फॉर्म्युला वनमध्ये, तर सगळी भांडणं याच भागात झाली: अॅक्टिव्ह सस्पेन्शन १९९२ ला चॅम्पियनशिप जिंकलं आणि १९९४ ला बंद, मास डॅम्पर (स्प्रिंगवर ठेवलेलं वजन) २००६ ला बंद, इनर्टर (सस्पेन्शनच्या हालचालीला जडपणा देणारा भाग) २००५ ला गुपचूप आला आणि २०२२ च्या नियमात गेला. त्याच २०२२ ला ग्राउंड इफेक्ट परत आला, स्प्रिंग परत कडक झाल्या, आणि गाड्या सरळ रस्त्यावर बेडकासारख्या उड्या मारायला लागल्या. चाळीस वर्षांपूर्वीचीच पाठदुखी परत आली.

भारतात चेन्नईजवळच्या शोलावरमला विमानांच्या जुन्या धावपट्टीवर रेसिंग व्हायची तेव्हा निवडायला काही नव्हतंच, स्टॉक स्प्रिंगची वेटोळी कापायची आणि शॉकअपमध्ये जाड तेल भरायचं. वेटोळं कापलं की स्प्रिंग खरंच कडक होते, त्यात चूक नव्हती, पण किती कडक झाली ते मोजत कोणी नव्हतं. १९९० च्या सुमारास चेन्नईजवळचा ट्रॅक, २००३ ला करी, २०११ ला दिल्लीजवळ बुद्ध असे कायमचे ट्रॅक आले, पण रस्त्यावरून चालवत नेणाऱ्याचा प्रश्न त्यांनी सुटला नाही. गोव्यातून करी म्हणजे एका बाजूने साधारण ८०० किलोमीटर, वाटेत स्पीडब्रेकर, पुलांचे जोड, पावसाळ्यानंतरचे खड्डे. २ हर्ट्झला गाडी स्वतःच्या वजनाने स्प्रिंगवर साधारण ६२ मिमी बसते, २.७ ला ३४. ड्रूपला (चाक खाली लोंबायला) एवढंच उरतं, चाक खड्ड्यात त्यापेक्षा खोल गेलं की ते हवेतच. शिवाय ओल्या ट्रॅकवर मऊ गाडीच पकड देते, आणि आपल्याकडे कोरडा दिवस मिळेलच याची खात्री नसते.

पैसे मर्यादित असतील तर माझ्या मते आधी चारही कोपऱ्यांचं वजन करा, चाक आणि स्प्रिंगचा रेशो टेपने मोजा, हर्ट्झ ठरवा, त्यातून के काढा, आणि उरलेलं सगळं शॉकअपवर घाला, तोही असा की जो खोलून त्याच्या शिम (व्हॉल्व्हमधल्या पातळ चकत्या) बदलता येतात आणि सील इथे मिळतात. वेर्णा-मडगावकडे कोणी करून देतो का बघा, नाहीतर बेंगळुरू-पुण्याला कुरिअर करावे लागतात. डायनोचा आलेख मागून घ्या, चारही नळ्यांचा वेगवेगळा.