अटक, बेकायदेशीर : घटनात्मक संरक्षण व दाद

कायद्याचा आधार नसताना, किंवा आधार असूनही ठरलेली कार्यपद्धती डावलून व्यक्तीला ताब्यात घेणे म्हणजे बेकायदेशीर अटक. तिच्याविरुद्ध भारतीय राज्यघटनेत मुख्यतः अनुच्छेद २१ (जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्य) व २२ (अटक झालेल्या व्यक्तीचे हक्क) यांचे संरक्षण आहे. न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग अनुच्छेद ३२ (सर्वोच्च न्यायालय) व २२६ (उच्च न्यायालये) यांतून जातो.

अनुच्छेद २१ चे आजचे शब्द कसे ठरले, हा घटनेच्या इतिहासातील वादाचा विषय आहे. मूलभूत हक्कांसंबंधी सल्लागार समितीच्या एप्रिल १९४७ च्या अंतरिम अहवालात अमेरिकन घटनेतील ‘ड्यू प्रोसेस ऑफ लॉ’ (यथोचित कायदेशीर प्रक्रिया) हाच शब्दप्रयोग होता. फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या घटनेच्या मसुद्यात मात्र त्याजागी ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ हे शब्द आले. नवे शब्द अधिक निश्चित आहेत, असे मसुदा समितीने टिपेत म्हटले आणि जपानच्या १९४६ च्या घटनेतील अनुच्छेद ३१ चा आधार दिला. मधल्या काळात, १९४७ च्या अखेरीस, घटना सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत जाऊन तेथील न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना भेटले होते. ‘ड्यू प्रोसेस’मुळे निवडून आलेल्या विधिमंडळाचे कायदे रद्द करण्याची सत्ता न्यायाधीशांकडे जाते, असे फ्रँकफर्टर यांचे मत होते. ही भेटच निर्णायक ठरली, असे अनेक ग्रंथांत सांगितले जाते. तथापि फाळणीच्या काळातील हिंसाचार, प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेची (गुन्हा घडण्याआधीच, खटल्याविना डांबून ठेवण्याची) सरकारला वाटणारी गरज आणि जमीन सुधारणा कायद्यांबद्दलची काळजी ही देशांतर्गत कारणे अधिक वजनदार दिसतात. फ्रँकफर्टर यांच्या मताने त्यांना बळ मिळाले, इतकेच म्हणता येईल.

हा बदल घटना समितीत सहजासहजी मान्य झाला नाही. काझी सय्यद करीमुद्दीन यांनी ‘ड्यू प्रोसेस’ पुन्हा घालण्याची दुरुस्ती मांडली आणि क. मा. मुन्शी यांनीही त्याच बाजूने मत दिले. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर विरोधात होते. १३ डिसेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी दोन्ही बाजूंचे धोके मांडून निर्णय सभागृहावर सोपवला आणि मसुद्यातील शब्द कायम राहिले. टीका मात्र थांबली नाही. सप्टेंबर १९४९ मध्ये आंबेडकरांनी नवा अनुच्छेद (१५-अ, आजचा २२) मांडला, तो या उणिवेची भरपाई म्हणूनच. अटकेची कारणे शक्य तितक्या लवकर कळवणे, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे, ही बंधने तेव्हा थेट घटनेत आली. त्याच अनुच्छेदाने प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेलाही जागा दिली, हा त्यातील गंभीर दोष होय. स्थानबद्धतेची तीन महिन्यांची मुदत दोन महिन्यांवर आणणारा १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीचा भाग आजही अंमलात आणलेला नाही.

ए. के. गोपालन खटल्यात (१९५०) सर्वोच्च न्यायालयाने ‘कार्यपद्धती’चा अर्थ विधिमंडळाने घालून दिलेली पद्धत एवढाच घेतला. न्या. फझल अली यांचा भिन्न मताचा निकाल पुढे खरा ठरला. मनेका गांधी खटल्यापासून (१९७८) कार्यपद्धती न्याय्य, रास्त व वाजवी असली पाहिजे, हे तत्त्व रूढ झाले. १९४८ मध्ये वगळलेला आशय अशा रीतीने निकालांतून परत आला.

अटकेचे तपशीलवार नियम १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहेत. अटकेचा अधिकार असणे आणि अटकेची गरज असणे या वेगळ्या गोष्टी होत, हे जोगिंदर कुमार खटल्यात (१९९४) स्पष्ट झाले. डी. के. बसू खटल्यातील निर्देशांनी अटक मेमो (अटकेची लेखी नोंद), त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकाला खबर व वैद्यकीय तपासणी या बाबी बंधनकारक केल्या. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, असे अर्नेश कुमार निकालाने (२०१४) बजावले. रिमांड (आरोपीला पुढेही कोठडीत ठेवण्याचा आदेश) देणाऱ्या दंडाधिकाऱ्याने अटकेची कारणे स्वतः तपासावीत, असेही त्यात सांगितले. हे संरक्षण प्रत्यक्षात टिकते की नाही, ते बव्हंशी या रिमांडच्या टप्प्यावर ठरते. तेथे छापील मजकुरावर सही झाली की घटनेने दिलेला हक्क कागदावरच राहतो.

सुटकेसाठी बंदी प्रत्यक्षीकरणाचा (हेबियस कॉर्पस), म्हणजे ताब्यातील व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करायला लावण्याचा, अर्ज करता येतो. भरपाईचा मार्ग रुदुल साह खटल्याने (१९८३) उघडला. १९६८ मध्ये निर्दोष ठरूनही १९८२ पर्यंत बिहारच्या तुरुंगात राहिलेल्या या कैद्याला आधी दिलेल्या ५,००० रुपयांखेरीज आणखी ३०,००० रुपये देण्याचा आदेश झाला. चौदा वर्षांच्या मानाने ही रक्कम अगदीच तोकडी होती. आमदार भीमसिंग यांना १९८५ मध्ये विधानसभेत जाताना अटक झाली. त्या प्रकरणी ५०,००० रुपये मंजूर झाले. नीलाबती बेहेरा खटल्याने (१९९३) मूलभूत हक्कभंगाच्या भरपाईला सार्वभौम संरक्षणाचा (सार्वभौम कामांतील चुकांसाठी सरकार जबाबदार नाही, असा) बचाव चालत नाही, हे ठरवले. नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९७९ मध्ये स्वीकारताना बेकायदेशीर अटकेच्या भरपाईबाबत भारताने राखून ठेवलेला अपवाद आता निरर्थक झाला आहे, असे बसू निकालात म्हटले आहे.

दिवाणी दाव्याची मुदत कैद संपल्यापासून फक्त एक वर्ष आहे. मानवी हक्क आयोगाकडील तक्रारीलाही प्रकार घडल्यापासून एक वर्षाची मर्यादा आहे. विनाकारण अटक घडवून आणणाऱ्या व्यक्तीकडून दंडाधिकारी फौजदारी खटल्यातच भरपाई देववू शकतो, पण तिची कमाल मर्यादा १,००० रुपये आहे. चुकीच्या खटल्यांबद्दल वैधानिक भरपाईची शिफारस विधी आयोगाने २७७ व्या अहवालात (२०१८) केली. तसा स्वतंत्र कायदा झालेला नाही.