पार्श्वभूमी : विदर्भाच्या खेड्यांत शुगर आणि जाणारी नजर

विदर्भातल्या खेड्यात नेत्र शिबिर म्हटलं की आजही मोतीबिंदूच आठवतो. देशात १९६३ मध्ये खुपऱ्या या डोळ्यांच्या संसर्गजन्य आजाराविरुद्ध कार्यक्रम सुरू झाला, १९७६ मध्ये अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचा सपाटा लागला. त्या सातांत महाराष्ट्र होता. शाळेत शिबिर भरवायचं, ज्यांना दिसत नाही त्यांना तपासायचं, गाडीत बसवून दवाखान्यात न्यायचं आणि ऑपरेशन करून घरी आणून सोडायचं. या पद्धतीने असंख्य म्हाताऱ्या माणसांना नजर परत मिळाली, हे काम मोठंच होतं.

पण ही सगळी रचना ज्याला दिसत नाही त्याला शोधणारी आहे. मधुमेहाने डोळ्याचा पडदा बिघडतो तेव्हा माणसाला चांगलं दिसत असतं. पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात, पुढे नव्या नाजूक वाहिन्या फुटतात, त्यांतून रक्तस्राव होतो. यातलं काहीच दुखत नाही. म्हणून पडदा पाहायला बाहुली मोठी करायचे थेंब टाकू म्हटलं की समोरून हमखास उत्तर येतं, “मले तं चांगलं दिसते. शुगर रगतात हाये, डोयात काऊन पाह्यता?” नजर धूसर झाल्यावर हाच माणूस शिबिरात येतो, तोवर बराच उशीर झालेला असतो. कधी मोतीबिंदूही सोबत असतो. ऑपरेशन नीट होतं, तरी दिसत नाही, कारण मागचा पडदाच खराब झालेला असतो. गावात मात्र ‘ऑपरेशन बिघडलं’ अशी बातमी पसरते आणि पुढच्या चार जणांची पावलं अडतात.

हा आजार नजरेआड राहण्याला आकडेही कारणीभूत होते. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या १९७२ ते १९७५ च्या बहुकेंद्री पाहणीत मधुमेहाचं प्रमाण शहरांत २.१ टक्के, तर खेड्यांत १.५ टक्के निघालं. त्या हिशेबाने वर्धा-यवतमाळच्या खेड्यात पडद्याची काळजी करणं कोणाला सुचणार? पुढे २०११ मध्ये आयसीएमआर-इंडिआब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीच्या पहिल्या टप्प्याचे निष्कर्ष आले, तेव्हा ग्रामीण महाराष्ट्रातलं प्रमाण ६.५ टक्के होतं. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी, त्यामुळे आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत, पण कल लपत नाही.

विदर्भापुरती ठोस माहिती ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ने दिली. २००६ ते २००८ या काळात नागपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवरच्या आठ गावांत तिशीपुढच्या ४७११ जणांची तपासणी झाली. मधुमेहाने पडदा बिघडलेले लोक हजारी तीनच्या आसपास निघाले. हा आकडा वाचून निश्चिंत होणं मला धोक्याचं वाटतं. एक तर तो सगळ्या प्रौढांमागचा आहे, फक्त मधुमेहींमागचा नाही. दुसरं म्हणजे पडदा बिघडायला बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतात. खेड्यात शुगर उशिरा पोहोचली, म्हणून तिचे परिणामही उशिराच दिसणार.

२०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या मधुमेहींपैकी १६.९ टक्के लोकांच्या पडद्यावर दोष आढळला आणि ३.६ टक्के लोकांची नजर जाण्याच्या बेतात होती. म्हणजे साधारण सहा मधुमेहींमागे एकाचा पडदा बिघडलेला.

उपाय मात्र जुना आहे. ज्या १९७६ साली आपल्याकडे अंधत्व नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला, त्याच वर्षी अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने दाखवून दिलं की वेळेत लेसर केला तर दृष्टी गंभीरपणे जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो. आता डोळ्यात द्यायची इंजेक्शनंही आहेत. टाइप २ मधुमेहात निदान होताच पडदा तपासावा आणि मग दरवर्षी तपासत राहावं, हा नियमही प्रस्थापित आहे.

मधुमेहासारख्या असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये आला. पहिल्या टप्प्यातच वर्धा, वाशिम, गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर आणि अमरावती हे जिल्हे त्यात होते. त्यानंतर आशाताई तिशीपुढच्यांचे फॉर्म भरू लागल्या, उपकेंद्रात शुगर मोजली जाऊ लागली. बोटाला सुई टोचण्याची सवय गावाला लागली, थेंब टाकून पडदा पाहण्याची अजून लागायची आहे.

पडद्याचा फोटो आता प्रशिक्षित कर्मचारी तालुक्याच्या रुग्णालयात काढू शकतो आणि तो नागपूरच्या डॉक्टरांना पाठवता येतो. लेसर आणि इंजेक्शन मात्र असं पाठवता येत नाही. गडचिरोलीच्या टोकावरच्या सिरोंच्याहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या वर आहे. इंजेक्शन सुरुवातीला दर महिन्याला घ्यावं लागतं, प्रत्येक खेपेला सोबत घरचं कोणी तरी लागतं, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत दोन माणसांची मजुरी बुडवून निघायला कोणतंच घर सहजी तयार होत नाही.