मेंदूची शीर फाटली की फुगली? दोन्ही सारखं नाही बघा

निपाणीत कुणाच्या रिपोर्टात मेंदूच्या शिरेचं काही निघालं की खानापूरच्या पाहुण्यांचा फोन येतोच, आमच्या दाजींना पण तेच झालंतं, रक्त पातळ व्हायची गोळी घेतली आणि सहा महिन्यात सगळं क्लिअर! पण दाजींना झालंतं डिसेक्शन, आणि इथं रिपोर्टात लिहिलंय अ‍ॅन्युरिझम, म्हणजे शिरेला आलेला फुगा. एकाच्या गोळ्या बघून दुसऱ्यानं सुरू केल्या तर जिवावर बेतू शकतं, म्हणून लिहितोय.

डिसेक्शन म्हणजे चीर. धमनीच्या भिंतीला तीन थर असतात, त्यातला आतला चिरतो आणि रक्त भिंतीतच घुसून थर सुटे करत जातं, मग वाट अरुंद होते, तिथं गुठळी धरते आणि ती वर सरकली की स्ट्रोक. बहुतेक वेळा ही चीर मानेतल्या धमनीत पडते, हायवेला मागून बसलेली ठोकर, मानेला जोरात हिसका, कधी सलूनमध्ये मालिश झाल्यावर कडाकडा मोडून घेतलेली मान (हे खरंच बंद करा), आणि कधी काहीच कारण सापडत नाही. पन्नाशीच्या आतल्या स्ट्रोकचं हे एक मोठं कारण आहे. मानेत एकाच बाजूला कधी नव्हे असं दुखतंय, त्याच बाजूची पापणी उतरलीय, बाहुली बारीक झालीय, तर बाम चोळत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

पण ही चीर बऱ्याचदा भरते. भिंतीत साठलेलं रक्त शरीर हळूहळू शोषून घेतं, स्नायूपेशी आणि कोलॅजन येऊन जागा बुजवतात, आतनं नवीन अस्तर धरतं आणि 3 ते 6 महिन्यांत बऱ्याच जणांची वाट परत मोकळी होते. गोळ्या साधारण तेवढेच महिने देतात ते यासाठीच. मानेतल्या चिरेच्या पेशंटांवर औषधं ताडून बघणाऱ्या 2015 च्या कॅडिस नावाच्या अभ्यासात अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्या आणि जास्त कडक रक्त पातळ करणारी औषधं यांच्यात मोठा फरक दिसला नाही, त्यामुळे कुठली द्यायची ते डॉक्टर पेशंट बघून ठरवतात.

अ‍ॅन्युरिझमचं तसं नाही. मेंदूच्या तळाशी धमन्यांना जिथं फाटे फुटतात तिथं रक्ताचा मारा सोसून भिंत झिजते आणि चिरलेल्या टायरातनं ट्यूब बाहेर यावी तसा फुगा येतो. शरीर इथंही दुरुस्तीला लागतं, पण सुजेमुळं मधल्या थरातल्या पेशीच मरतात आणि भिंत अजून कमजोर होते. मोठ्या माणसांत शंभरात साधारण 3 जणांना असा फुगा असतो, बहुतेकांचा कधीच फुटत नाही, पण बीपी आणि विडी-सिगारेटनं धोका वाढतो, आणि आपल्या तंबाखूच्या पट्ट्यात हे परत परत सांगायलाच पाहिजे. फुटला तर क्षणात असह्य डोकं उठतं, आणि तेव्हा पोटात रक्त पातळ करणारं कडक औषध असेल तर रक्तस्राव आवरत नाही.

यावर क्लिप (फुग्याच्या तोंडाला बाहेरनं लावलेला चिमटा), कॉइल (फुग्यात भरलेली बारीक तार) नाहीतर फ्लो डायव्हर्टर (धमनीच्या आत बसवलेली जाळी). जाळीवर अस्तराच्या पेशी चढत जातात आणि काही महिन्यांत फुगा बंद होतो, पण तोवर जाळीत गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या इथंही चालू ठेवाव्या लागतात!

आणि चीर कवटीच्या आतल्या धमनीत असेल तर हिशेबच बदलतो, तिथं धमनीचं बाहेरचं आवरण पातळ असल्यानं ती फुटून रक्तस्रावही होतो. म्हणून डॉक्टरांना दोन गोष्टी नक्की विचारा, चीर आहे की फुगा, आणि मानेत आहे की कवटीच्या आत.