‘लाईन’ या शब्दाची पार्श्वभूमी: जवसाच्या धाग्यापासून कृष्णाकाठच्या पाइपलाईनपर्यंत

सातारा-सांगली पट्ट्यात ‘लाईन’ हा शब्द कानावर पडला नाही असा दिवस जात नाही, आणि तरीही दोन माणसे तो एकाच अर्थाने वापरत असतील याची खात्री देता येत नाही. गवंड्याची लाईन म्हणजे ताणलेली दोरी, बागायतदाराची लाईन म्हणजे नदीवरून शेतापर्यंत जमिनीखालून आणलेला पाइप, वायरमनची लाईन म्हणजे खांबांवरची तार, पोलिसाच्या मुलाची लाईन म्हणजे तो जिथे लहानाचा मोठा झाला ती वसाहत, आणि किराणा दुकानांना माल पुरवणाऱ्या विक्रेत्याची लाईन म्हणजे त्या त्या वारी ठरलेली गावे. हे सगळे अर्थ एकाच इंग्रजी शब्दाचे असले, तरी ते एकगठ्ठा आलेले नाहीत. शब्दाला इंग्रजीत फुटलेले काही अर्थ आपण घेतले, काही सरळ सोडून दिले आणि काही इथेच नव्याने घडवले. काय घेतले आणि काय सोडले, हे पाहिले म्हणजे एखादा परका शब्द भाषेत कशाच्या बळावर रुजतो, हे बऱ्यापैकी उलगडते.

शब्दाचे मूळ शेतात आहे. ज्या जवसाची चटणी आपल्याकडे भाकरीबरोबर खाल्ली जाते, त्या जवसाला लॅटिन भाषेत ‘लिनुम’ म्हणत. युरोपात या पिकाचे उंच वाढणारे, कमी फांद्यांचे वाण धाग्यासाठी घेतले जात. खोड पाण्यात कुजवून, कुटून, विंचरून त्यातून लांब आणि चिवट तंतू काढत. आपल्याकडचे जवस मुख्यतः तेलासाठी आणि बियांसाठी, त्यामुळे त्याच्या धाग्याशी आपला फारसा संबंध आला नाही. या लिनुमच्या धाग्याला किंवा दोरीला रोमन लोक ‘लिनेआ’ म्हणत. हा शब्द जुन्या इंग्रजीत दोरी आणि रांग या अर्थांनी पोचला, आणि पुढे १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंचमधला त्याचाच भाऊबंद ‘लिन्य’ त्यात मिसळला. ‘लिनन’ हे कापड आणि ‘लिनसीड’ हे बी याच घराण्यातले. कपड्याला आतून लिननचे अस्तर लावत, त्यावरून अस्तर लावण्याला ‘लायनिंग’ हे नाव पडले. सांगली जिल्ह्यात कालव्याच्या गळतीची चर्चा निघाली की शेतकरी ‘कॅनॉलचं लायनिंग’ कधी होणार असे विचारतात, तेव्हा ते हाच अस्तराचा अर्थ वापरत असतात. मात्र कापड दुकानात ‘लायनिंगचा शर्ट’ मागणाऱ्या गिऱ्हाइकाला अस्तर नव्हे, तर उभ्या पट्ट्या हव्या असतात. हा अर्थ आपल्याकडचा आहे, इंग्रजाला तो सहजी कळणार नाही.

दोरी या सर्वांत जुन्या अर्थाने हा शब्द आजही जिवंत आहे तो बांधकामावर. गवंडी भिंतीच्या दोन टोकांच्या विटा आधी ओळंब्यात बसवतो, मग त्या दोन टोकांमध्ये सुताची बारीक दोरी खेचून बांधतो आणि मधला सगळा थर त्या दोरीला धरून रचत जातो. वीट दोरीला टेकली तर दोरी बाहेर ढकलली जाते आणि पुढची प्रत्येक वीट चुकते, म्हणून वीट आणि दोरी यांत केसभर अंतर ठेवण्याची सवय हाताला लावून घ्यावी लागते. एक थर पुरा झाला की दोरी वर सरकते. या दोरीला तो ‘लाईनदोरी’ म्हणतो. इंग्रजी आणि मराठी असे एकाच अर्थाचे दोन शब्द इथे शेजारी बसले आहेत, पण त्यात द्विरुक्तीचा दोष काढण्याचे कारण नाही. बाजेची, दाव्याची, कळशीची अशा अनेक दोऱ्यांमधून सरळपणा पाहण्याची दोरी वेगळी ओळखता यावी, एवढे काम तो जोडशब्द नेमके करतो.

इंग्रजीत या दोरीपासून अर्थ पसरत गेले ते साधारण असे. ताणलेल्या दोरीच्या कडेने ओढलेली खूण ती रेषा. रेषेवर ओळीने उभ्या केलेल्या वस्तू किंवा माणसे ती रांग. कागदावर अक्षरांची रांग ती ओळ, आणि म्हणून कवितेचा चरणही. बापापासून मुलाकडे चालत गेलेली ती वंशाची ‘लाईन’. आणि दोन मुलखांच्या मध्ये आखलेली ती सीमा. यांपैकी बहुतेक अर्थ मराठीने घेतले नाहीत. भूमितीच्या तासाला रेषा रेषाच राहिली, कवितेची ओळ ओळच राहिली, घराण्याचा वंश किंवा शाखा तशीच राहिली आणि शेताची हद्द व बांध यांना कोणी हात लावला नाही. शाळांमधून इतकी वर्षे इंग्रजी शिकवली जाऊनही अभंगाच्या ‘लाईनी’ म्हणणारा माणूस सहसा भेटत नाही. ज्या गोष्टीला आपल्याकडे आधीपासून नेमका शब्द होता, तिथे इंग्रजी शब्दाला शिरकाव मिळाला नाही. त्याला जागा मिळाली ती जी वस्तूच नवी होती तिथे. इंग्रजी शब्द आले म्हणून मराठी बुडाली, अशी सरसकट तक्रार करणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यायला हवा असे मला मनापासून वाटते.

पहिली नवी वस्तू लष्करी होती. १८४८ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शहाजी उर्फ आप्पासाहेब महाराज यांचे निधन झाले, दत्तक नामंजूर करून लॉर्ड डलहौसीने राज्य खालसा केले आणि साताऱ्यावर कंपनीचा थेट अंमल सुरू झाला. इंग्रजी सैन्याच्या भाषेत छावणीतल्या तंबूंच्या किंवा शिपायांच्या घरांच्या ओळींना अनेकवचनी ‘लाइन्स’ म्हणत. हिंदुस्थानभर शिपायांची वस्ती ती एक लाईन आणि मुलकी अधिकाऱ्यांची ती ‘सिव्हिल लाइन्स’ अशी विभागणी झाली. लष्कराची ही रीत पोलिसांकडे आली आणि ‘पोलीस लाईन’ हा शब्द मराठीत कायमचा राहिला. त्यात ओळीचा अर्थ आता कोणाच्या मनातही येत नाही. इमारत चार मजली झाली तरी ती लाईनच असते, आणि तिथे वाढलेला मुलगा पुढे कुठेही गेला तरी स्वतःला ‘लाईनबॉय’ म्हणवतो, त्यात एक आपलेपणा असतो. ओळीने बांधलेली घरे या अर्थापासून एकत्र वाढलेल्या माणसांचा समाज या अर्थापर्यंतचा हा प्रवास इथल्या लोकांनी घडवला आहे.

दुसरी वस्तू रेल्वे. मुंबई ते ठाणे ही गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. पुणे-मिरज मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सदर्न मराठा रेल्वेने मीटरगेजवर आणला. लोखंडी रुळांच्या या जोडीला मराठीत नाव नव्हते आणि ‘लोहमार्ग’ हा घडवलेला शब्द सरकारी कागदापुरता राहिला, त्यामुळे लाईन हेच नाव चालले. मिरज जंक्शनला तर लाईनीचे प्रकार मोजून दाखवावे लागत. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद लाईन १९२७ मध्ये मिरजेपर्यंत आली, मीटरगेज आधीपासून होती आणि १९७१ च्या सुमारास पुण्याकडून ब्रॉडगेज झाली. म्हणजे काही वर्षे तिन्ही मापांचे रूळ एका जंक्शनात होते. रेल्वेनेच आणखी एक शब्दप्रयोग दिला, तो म्हणजे ‘लाईन क्लिअर’. पुढच्या स्थानकाच्या मास्तराने आपल्याकडची वाट मोकळी असल्याचे कळवल्याशिवाय अलीकडच्या मास्तराला गाडी सोडता येत नाही, आणि ही जी रीतसर परवानगी, तिला रेल्वेच्या भाषेत लाईन क्लिअर म्हणतात. स्थानकाच्या खोलीतला हा तांत्रिक शब्द बाहेर पडून आज लग्नाच्या बैठकीत, कर्जाच्या प्रकरणात आणि निवडणुकीच्या उमेदवारीत ऐकू येतो. “थोरल्याचं लग्न झालं, आता धाकट्याची लाईन क्लिअर,” या वाक्यात पुढची गाडी गेल्याशिवाय मागची सुटत नाही हा रेल्वेचा नियम अगदी शाबूत आहे.

रुळांच्या कडेने तारायंत्राची लाईन आली. हिंदुस्थानातली पहिली प्रायोगिक तारलाईन १८५१ मध्ये कलकत्ता आणि डायमंड हार्बर यांच्यामध्ये चालू झाली आणि पुढच्या काही वर्षांत देशभर खांब उभे राहिले. परक्या सत्तेचा कारभार या दोन लाईनींवर किती अवलंबून आहे, हे ज्यांनी नेमके ओळखले त्यांत साताऱ्याचे प्रतिसरकार होते. १९४२ च्या आंदोलनात तारा तोडणे आणि रुळांवर हल्ले करणे हा लढ्याचाच भाग झाला, आणि ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ तुफान सेनेने पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी अडवून खजिना ताब्यात घेतला. क्रांतिसिंह नाना पाटील आणि जी. डी. बापू लाड यांच्या त्या पिढीच्या दृष्टीने लाईन म्हणजे सरकारची नाडी होती. कुंडलसारखी प्रतिसरकारची केंद्रे पुढे १९४९ मध्ये सातारा जिल्हा विभागल्यावर दक्षिण सातारा, म्हणजे आजच्या सांगली, जिल्ह्यात गेली.

विजेची तार आली तेव्हा शब्द तयारच होता. पाटण तालुक्यातल्या कोयनेच्या प्रकल्पातून १९६० च्या दशकात वीजनिर्मिती सुरू झाली, आज त्याची स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट आहे, आणि त्याच काळात राज्यात गावोगाव खांब उभे राहू लागले. तार लाईन झाली, ती सांभाळणारा लाइनमन झाला. मात्र एका बाबतीत आपला पट्टा वेगळा आहे. मराठवाड्यात आणि विदर्भात अनेक ठिकाणी वीज गेली की ‘लाईन गेली’ म्हणतात. साताऱ्या-सांगलीकडे ‘लाईट गेली’ म्हणतात आणि लाईन हा शब्द प्रत्यक्ष तारेसाठी राखून ठेवतात. पावसाळ्यात इकडचा शेतकरी लाइनमनला फोन करून “लाईट नाही, बहुतेक लाईन तुटलीया” असे सांगतो, तेव्हा परिणाम आणि कारण या दोन्ही गोष्टी तो दोन वेगळ्या शब्दांनी सांगत असतो. दोन्ही शब्द उसने, पण त्यांच्यातली वाटणी आपली.

माझ्या मते या भागात शब्दाला सर्वांत जास्त वजन मिळाले ते पाण्यामुळे. खानापूर, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, माण, खटाव हे पर्जन्यछायेतले तालुके. कृष्णा आणि कोयना जवळच वाहतात, पण खालून. नदीकाठच्या शेतकऱ्यांनी एकट्याने किंवा दहा-पाच जणांनी मिळून नदीवर मोटर बसवायची, दुसऱ्याच्या बांधावरून संमती मिळवत चर खणायचा आणि कित्येक किलोमीटर पाइप गाडून पाणी आपल्या रानात आणायचे, याला ‘पाइपलाईन करणे’ म्हणतात. ही केवळ नळ टाकण्याची गोष्ट नसते. त्यासाठी सोसायटीचे किंवा बँकेचे कर्ज निघते, जमीन तारण पडते, भावकीत वाटे ठरतात, पाळीपत्रक लागते. पुढे ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या उपसा सिंचन योजनांनी हेच काम मोठ्या प्रमाणावर केले. टेंभूची पहिली उचल कराडजवळ कृष्णेवर होते आणि ते पाणी टप्प्याटप्प्याने चढवत आटपाडीपर्यंत नेले जाते. ज्या घराची पाइपलाईन झाली त्या घराची शेती जिरायतीची बागायती झाली, आणि स्थळ पाहायला आलेले पाहुणेही “लाईन स्वतःची का सामाईक?” असे विचारू लागले. इंग्रजी कोशात या शब्दाचे अर्थ पानेच्या पाने भरून दिलेले असतात, पण घराच्या ऐपतीची खूण हा अर्थ तिथे सापडणार नाही.

धंदा या अर्थाने लाईन इंग्रजीत जुनीच आहे; माणसाचा व्यवसाय, कामाचे क्षेत्र असा तो अर्थ. मराठीत त्याला लगेच नैतिक बाजू चिकटली. “पोरगं लायनीला लागलं” हे समाधानाचे वाक्य आहे, “त्या लायनीत पडू नको” हा इशारा आहे. विक्रेत्याची ‘तासगाव लाईन’ किंवा ‘कोरेगाव लाईन’ हा अर्थ धंदा आणि मार्ग या दोन्हींच्या मिश्रणातून निघाला असावा, कारण त्यात ठरलेली वाट आणि ठरलेली गिऱ्हाइके दोन्ही येतात. तरुण मुलांच्या ‘लाईन मारण्या’बद्दल इथे लांबण लावण्याची गरज नाही.

सीमेचा अर्थ आपण घेतला नाही असे वर म्हटले, त्याला एक अपवाद आहे आणि तो या भागात हळवा आहे. १९४९ ची काश्मीरमधली शस्त्रसंधी रेषा १९७२ च्या सिमला करारानंतर ‘लाईन ऑफ कंट्रोल’ झाली. वर्तमानपत्रे तिला नियंत्रण रेषा लिहितात, पण पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जवानांचे स्मारक असलेल्या अपशिंगेसारख्या सैनिकी परंपरेच्या गावांत, जिथे घरटी कोणी ना कोणी फौजेत आहे किंवा होता, तिथे आया-बायकाही ‘एलओसी’ हेच म्हणतात, कारण मुलगा फोनवर तेच म्हणतो. ‘डेडलाईन’ हा शब्दही असाच मृत्यूच्या सावलीतला आहे. अमेरिकी यादवी युद्धात, १८६४ च्या सुमारास, अँडरसनव्हिलच्या कैदी छावणीत कुंपणाच्या आत एक रेषा ठरवलेली असे आणि ती ओलांडणाऱ्या कैद्याला गोळी घातली जाई. ती ही डेडलाईन. पुढे वृत्तपत्रांनी मजकूर देण्याच्या शेवटच्या वेळेसाठी तो शब्द उचलला, आणि आपल्याकडे तो थेट या सौम्य अर्थानेच आला.

व्याकरणाच्या दृष्टीने शब्द पुरता मराठी झाला आहे. तो स्त्रीलिंगी झाला, बहुधा रेषा, ओळ, रांग आणि तार हे त्याचे सगळे शेजारी स्त्रीलिंगी असल्यामुळे. बोलताना त्याचे ‘लायनी’ असे अनेकवचन होते, आणि ‘लायनीत’, ‘लायनीला’ अशी सामान्यरूपे कोणी न शिकवता बरोबर होतात. एका ठिकाणी मात्र त्याने मराठी शब्दाला खरोखर मागे ढकलले आहे, आणि ते मला खटकते. माणसांच्या रांगेला नवे नाव लागण्याचे काही कारण नव्हते. खुद्द इंग्लंडमध्ये तिला ‘क्यू’ म्हणतात. तरी रेशनच्या दुकानात, बँकेत, दवाखान्यात ‘लायनीत या’ हेच ऐकू येते. दर्शनाची मात्र रांग असते. देवस्थानांच्या पाट्यांवर ‘दर्शन रांग’ असेच लिहिलेले असते, आणि तिथे तरी तो शब्द टिकावा.

ताजा अर्थ संगणकाकडून आला. १९५० च्या दशकात मुख्य संगणकाला तारेने थेट जोडलेल्या यंत्राला इंग्रजीत ‘ऑनलाईन’ म्हणू लागले, म्हणजे लाईनवर असलेले. आपल्याकडे ते विशेषण न राहता नाम झाले आणि त्याला क्रियापद लागले. पीक पाहणी असो, विमा असो, शिष्यवृत्ती असो किंवा अनुदानाचा अर्ज असो, गावात विचारतात ते एवढेच: “ऑनलाईन केलं का?” इथे ऑनलाईन म्हणजे इंटरनेट नव्हे, तर सरकारदरबारी आपली नोंद रीतसर लागणे. पूर्वी या कामाला ‘कागद करणे’ म्हणत, आणि वयस्कर माणसे अजूनही तसेच म्हणतात.